दोष एकट्या पंचाचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या खो-खो स्पर्धेत अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला एका निर्णयावरून वाद झाला. पंच म्हणून उभा राहिलेला नववीतील विद्यार्थी पुढचे दोन दिवस भोजनगृहात एकटाच जेवत होता. हरलेल्या संघाला आपल्या पराभवाचे एकच कारण सापडले होते आणि ते म्हणजे तो मुलगा. तेव्हा इतिहासाच्या तासाला मी अमेरिकेतील एका बेसबॉल सामन्याची हकीकत सांगितली. तीच येथे मांडतो.

२६ ऑक्टोबर १९८५. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना कॅन्सस सिटी येथे चालू होता. सातपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. सेंट लुईस कार्डिनल्सने तीन जिंकले होते, कॅन्सस सिटी रॉयल्सने दोन. नवव्या म्हणजे अखेरच्या डावात रॉयल्स फलंदाजीस आले, तेव्हा कार्डिनल्स १-० ने पुढे होते. तीन गडी बाद केले की विजेतेपद त्यांचे!

पहिलाच फलंदाज होर्हे ओर्टा. त्याने टोलवलेला चेंडू जॅक क्लार्कने अडवला आणि पहिल्या बेसकडे धावत आलेल्या गोलंदाज टॉड वॉरेलकडे फेकला. धावणारा पोहोचण्यापूर्वी चेंडू हाती असलेल्या खेळाडूचा पाय बेसला लागला, तर धावणारा बाद, असा नियम आहे. चेंडू आधी आला होता. दूरचित्रवाणीवरील पुनर्दृश्यात ते स्वच्छ दिसले. पंच डॉन डेंकिंगर यांनी मात्र ओर्टाला नाबाद ठरवले.

अनुभवी पंचाची अशी चूक कशी व्हावी? अशा वेळी पंच डोळे बेसवरील पायाकडे ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानाने टिपतो. वॉरेल उंच, फेक वरून आलेली. पाय आणि मोजा एकाच दृष्टिक्षेपात मावेनात, आणि प्रेक्षकांच्या गदारोळात तो आवाज ऐकूच आला नाही, असे डेंकिंगर यांनी पुढे सांगितले. चूक त्यांनी मान्य केली. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत मानले आहे. त्या कसोटीवर ही चूक आहे, अपराध नव्हे.

पुढे घडले ते सेंट लुईसच्या पुष्कळ चाहत्यांना आठवत नाही. त्यानंतरच्या फलंदाजाचा, स्टीव्ह बाल्बोनीचा, मैदानाच्या कडेला उंच उडालेला सोपा झेल क्लार्कला घेता आला नाही. जीवदान मिळालेल्या बाल्बोनीने लगेच फटका मारून पहिला बेस गाठला. त्यानंतर ओर्टा स्वतः तिसऱ्या बेसवर बाद झाला. म्हणजे ज्याला चुकीने नाबाद दिले, त्याची धाव झालीच नाही! मग यष्टिरक्षकासारखे काम करणाऱ्या डॅरेल पोर्टरच्या हातून चेंडू निसटला आणि दोन धावपटू एकेक बेस पुढे सरकले. अखेर डेन आयोर्गच्या फटक्यावर दोन धावा निघाल्या आणि रॉयल्सने सामना २-१ ने जिंकला.

पंचाच्या निर्णयाचा परिणाम शून्य होता, असे मी म्हणणार नाही. ओर्टा बाद ठरला असता तर पुढचे सारे डावपेच वेगळे झाले असते. परंतु एक कारण आणि एक परिणाम अशी सरळ रेषा ओढणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळावयाचा पहिला दोष. प्रतीत्यसमुत्पाद समजलेल्या माणसाने तर तो अधिकच टाळावा. कार्डिनल्सने सातही सामन्यांत मिळून अवघ्या १३ धावा केल्या होत्या. सातवा सामना दुसऱ्याच दिवशी होता, कोरी पाटी घेऊन. तो त्यांनी ११-० असा गमावला. त्या सामन्यात डेंकिंगर मुख्य बेसमागे उभे होते आणि कार्डिनल्सचे व्यवस्थापक व्हायटी हरझॉग यांना त्यांनी मैदानाबाहेर काढले. चित्त विचलित झालेल्या संघाचा तो पराभव होता. त्याचे खापर आदल्या रात्रीच्या एका निर्णयावर कसे फोडावे? तरीही धमक्या आल्या त्या डेंकिंगर यांनाच. संघात खेळाडू पुष्कळ असतात. पंच एकटा असतो, म्हणून तो सोयीचा.

माझ्या मते मोठा दोष आणखी एका ठिकाणी आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. घरोघरी पडद्यावर चूक दिसत होती, पण मैदानावर ती दुरुस्त करण्याची कोणतीही तरतूद नियमांत नव्हती. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दाद मागण्याच्या हक्काचा अनुच्छेद हा संविधानाचा आत्मा व हृदय असल्याचे सांगितले. खेळ ही लहान गोष्ट आहे हे खरे, पण दाद मागण्याची वाटच नसली की संताप माणसावर उतरतो, हे तेथेही दिसते.

ती वाट उघडायला फार वर्षे लागली. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटच्या अर्मांडो गलारागाने सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद होता; पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिले आणि गोलंदाजाचा दुर्मीळ असा परिपूर्ण सामना हुकला. चित्रण पाहिल्यावर जॉइस यांनी उघडपणे माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गलारागाने खेळाडूंच्या यादीचा कागद स्वतः त्यांच्या हाती दिला, तेव्हा जॉइस यांना अश्रू आवरले नाहीत. निर्णय मात्र बदलला गेला नाही. अशा निर्णयांना पुनर्दृश्याच्या आधारे आव्हान देण्याची सोय २०१४ पासून झाली.

हे ऐकल्यावर त्या संघाच्या कर्णधाराने विचारले, “सर, मग आपल्याकडे कॅमेरा कुठे आहे?” कॅमेरा नाही. या वर्षीपासून अंतिम सामन्याला दोन पंच उभे राहतात, आणि प्रत्येक कर्णधाराला एकदा त्या दोघांनी विचारविनिमय करावा अशी विनंती करता येते. पहिल्या दोन पंचांत तो मुलगा होता. आता तो दहावीत आहे.