मोटारीचे इंजिन आणि होडीचे इंजिन

पुण्याला समुद्र नाही. तरीही आजचा विषय पुणेकरांना परका मानण्याचे कारण नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आपल्या खडकीलाच उभा राहिला, आणि इंजिन हाताळणारी माणसे या शहराने पुष्कळ घडविली.

जून लागला की कोकणकिनाऱ्यावर मासेमारीला बंदी येते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, डागडुजी निघते, आणि जुने इंजिन थकले असेल तर ते बदलायचे ठरते. अशा वेळी मोडीत काढलेल्या ट्रकचे इंजिन स्वस्तात मिळत असेल, तर तेच का बसवू नये, असे मालकाला वाटते. प्रश्न रास्त आहे. सिलिंडर तेच, दट्ट्या तोच, डिझेलही तेच. किंबहुना होडीची कित्येक इंजिने मुळात ट्रकच्याच इंजिनावरून तयार होतात. मात्र ती तयार करताना जे बदल केले जातात, त्यांतच सारे मर्म आहे.

पहिला फरक कामाचा. खंबाटकीचा घाट चढताना ट्रकचे इंजिन दमते, पण उतार लागताच त्याला विसावा मिळतो. समुद्राला उतार नाही. बंदर सोडल्यापासून पंख्याचा भार इंजिनावर अखंड असतो. शिवाय पंख्याचे फेरे दुप्पट करायचे, तर शक्ती सुमारे आठपट लागते. म्हणून ट्रकसाठी सांगितलेली अश्वशक्ती होडीवर तासन्‌तास मागू नये.

दुसरा फरक पाण्याचा. ट्रकचा रेडिएटर वाऱ्यावर निवतो. होडीच्या बंद खणात तो वारा कुठला? समुद्राचे पाणी सरळ इंजिनात फिरवावे, तर खार बिडाला खाऊन टाकतो. म्हणून इंजिनात गोडे पाणी फिरवितात आणि वेगळ्या नळ्यांच्या पेटीत समुद्राच्या पाण्याने ते थंड करतात. धूर बाहेर नेणारी तापलेली नळीही पाण्याने निववावी लागते किंवा नीट गुंडाळावी लागते, कारण शेजारी लाकूड असते.

तिसरा फरक रेट्याचा. पंखा पाणी मागे लोटतो आणि त्याचा उलटा रेटा दांड्यावाटे आत येतो. हाच रेटा होडीला पुढे नेतो. तो झेलणारे बेअरिंग होडीच्या गिअरपेटीत किंवा दांड्यावर बसवलेले असते. ट्रकची गिअरपेटी असा रेटा सोसण्यासाठी केलेली नसते.

चौथा फरक आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. रस्त्यावर ती गाडीखालून निघून जाते. होडीत ती तळाशी साचून राहते, आणि स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या होडीत ठिणगी बाहेर पडू न देणारे स्टार्टर व जनित्र लागते आणि खणातली हवा बाहेर काढणारा पंखा लागतो. डिझेलला हे भय कमी. पण गळके तेल तापल्या नळीवर पडले, तर तेही पेटते.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. कोणतेही यंत्र पाहताना त्याच्याजवळ उभा कोण असतो, हे आम्ही आधी पाहतो. रस्त्यात मोटार बंद पडली, तर चालक उतरून चहा पितो. वादळात होडीचे इंजिन बंद पडले, तर खलाशाला उतरायला जागा नसते. स्वस्त इंजिनात वाचलेला पैसा मालकाच्या हिशोबात जमा होतो. जोखीम मात्र तांडेलापासून पोरसवदा खलाशापर्यंत सर्वांच्या वाट्याला येते.

म्हणून ट्रकचे इंजिन बसवूच नये, असे आम्ही म्हणत नाही. अखंड भाराला ते किती शक्ती देईल, खाऱ्या पाण्यापासून त्याला कसे राखले आहे, रेटा कोण झेलतो आणि आगीचा बंदोबस्त काय, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर ते बसवावे. हे प्रश्न विचारण्याचा हक्क मालकाइतकाच, त्या होडीवर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाचा आहे.