उन्हावर ऊब धरणारी शाळा

लेहहून सिंधूच्या काठाने खाली गेलं की फे गावाजवळ सेकमॉलचं आवार लागतं. १९८८ साली उभी राहिलेली ही लडाखी विद्यार्थ्यांची चळवळ; सोनम वांगचुक तिच्या संस्थापकांपैकी एक. दहावीला नापास झालेल्यांना इथे आधी जागा. हिवाळ्यात बाहेर उणे १५ अंश असताना आत १५ अंशांच्या आसपास ऊब असते, असं संस्था सांगते. आणि तीही बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, न पेटवता.

मातीचं कौतुक लडाखला नाही. तिथलं जुनं घरही मातीचंच असतं: पॉप्लरचे वासे, वर वाळुंजाच्या काड्या, त्यावर माती. आपल्याकडच्या धाब्याच्या घराचा हा थंडीतला चुलतभाऊच. पण जुन्या घराच्या खिडक्या लहान, आणि शेणाच्या गोवऱ्यांचा धूर घरभर. सेकमॉलने तोंड दक्षिणेकडे वळवलं आणि त्या बाजूला भरपूर काच लावली. लेहचा अक्षांश ३४ अंश. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर येतो, म्हणून ऊन थेट खोलीत शिरतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, ७९ अंशांवर असतो. तेव्हा उभ्या काचेतून आत फारसं येत नाही. हिवाळ्यापुरता दक्षिण बाजूला प्लास्टिकचा हरितगृहासारखा आडोसाही चढवतात. उन्हाळ्यात तो उतरवतात. नैसर्गिक घरात प्लास्टिक कसलं, असं नाक मुरडणाऱ्यांनी एक जानेवारी तिथे काढावा.

भिंतींसाठी ओलसर माती साच्यात थराथराने घालून धुमसाने ठोकतात. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: माती थंडी अडवते. ती अडवत नाही, उष्णता साठवते. जाड भिंतीत ऊब सावकाश सरकते. ढोबळ मानाने फूटभर जाडीला आठ-दहा तास. दिवसाचं ऊन असं रात्री कामी येतं. थंडी अडवण्याचं काम वेगळं, त्यासाठी लाकडाचा भुसा, रद्दी यांसारख्या हलक्या वस्तूंचा थर लागतो. हा थर विसरून फक्त माती ठोकली तर भिंत बाहेरचं आभाळच तापवत बसते.

२०१६ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात सेकमॉलच्या मातीच्या इमारतीला मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला. लेहमध्ये मात्र सिमेंटची घरं वाढत आहेत, आणि त्याला नुसती हौस हे कारण नाही. मातीचं सपाट छप्पर वर्षाला शंभरेक मिलिमीटर पाऊस गृहीत धरून घडलेलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटीने लेह परिसरात हाहाकार उडवला, मातीची घरं वाहून गेली. तेव्हापासून घर बांधणारा लडाखी माणूस उन्हाआधी पावसाचं विचारतो. त्याचं उत्तर दक्षिणेच्या काचेत नाही. ते छपरात, पायाच्या दगडी जोत्यात आणि घर ओढ्याच्या वाटेत न बांधण्यात आहे.