मुलींच्या हाती कारभार

मुलींची जागतिक संघटना, आंतरराष्ट्रीय नेतृत्वशिबिर, देशोदेशींच्या तरुणींची परिषद असे शब्द कानी पडले की उमरेडसारख्या तहसिलीच्या गावातील वाचकाला ती सारी दूरदेशीची आणि म्हणून आपल्या कामाची नसलेली गोष्ट वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु मुलींच्या गाईड चळवळीचा हिंदुस्थानातील इतिहास उघडला की हा समज पहिल्याच पानावर ढासळतो. ज्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि ज्याच्या सरकारी दप्तरात उमरेडची नोंद नागपूर जिल्ह्यातील एक तहसील म्हणून होती, त्याच प्रांतातील जबलपुरास १९११ साली या देशातील पहिले गाईड पथक उभे राहिले. त्याच प्रांताचे सरकार उन्हाळ्यात जेथे मुक्कामाला जात असे, त्या पचमढीस आज भारत स्काऊट्स अँड गाईड्स या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ आणि जबलपूर-पचमढीकडील महाकोशल यांची फारकत केली, आणि या शेजाराची आठवण पुसट झाली.

विलायतेत या चळवळीचा उगम झाला तो मुलींच्या आगंतुकपणातून. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी स्काऊटांचा मेळावा भरविला. हजारो मुलगे जमले, आणि त्यांच्यात, कोणीही निमंत्रण दिलेले नसताना, मिळेल तसा गणवेश जमवून आलेल्या काही मुली ठामपणे उभ्या राहिल्या. त्यांना परत पाठविणे अवघड आणि मुलग्यांत मिसळू देणे तत्कालीन शिष्टसमाजाला अमान्य, अशा पेचातून मार्ग म्हणून १९१० साली मुलींची स्वतंत्र संघटना निघाली व तिची धुरा बेडन-पॉवेल यांची भगिनी ॲग्नेस यांच्याकडे आली. दोन वर्षांनी निघालेल्या पहिल्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या शीर्षकातच, साम्राज्याच्या उभारणीस मुलींनी हातभार कसा लावावा, हा विषय मांडलेला होता. साम्राज्याच्या सेवेसाठी आखलेली ही योजना साम्राज्य लयाला गेल्यावरही टिकली, याचे कारण तिच्या घोषणांपेक्षा तिच्या कार्यपद्धतीत शोधले पाहिजे.

हिंदुस्थानात आरंभी या पथकांचे दार युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलींपुरतेच उघडे होते. देशी मुलींना प्रवेश मिळू लागला तो १९१६ पासून. १९२८ साली गाईडांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सभासदांत हिंदुस्थानची गणना होती, म्हणजे देश परतंत्र असतानाही या एका जागतिक व्यासपीठावर येथील मुलींना स्वतःचे आसन होते. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या स्काऊट संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडांची संघटनाही तीत विलीन झाली. पुढे जागतिक संघटनेने आशियात आपले केंद्र उभारण्याचे ठरविले आणि त्यासाठी पुण्याची निवड केली. स्वित्झर्लंडमधील ॲडेलबोडेन, लंडन आणि मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका या ठिकाणच्या केंद्रांच्या मालिकेत बसणारे ‘संगम’ हे केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी बेडन-पॉवेल यांच्या पत्नी लेडी ऑलाव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते सुरू झाले. आळंदी रस्त्यावरील या वास्तूत आजही देशोदेशींच्या मुली मुक्कामाला येतात, एकत्र शिकतात आणि पुण्यातील सामाजिक संस्थांतून काम करतात. हे जागतिक केंद्र महाराष्ट्रात आहे, हे महाराष्ट्रातीलच अनेक शिक्षकांना ठाऊक नसते.

आता त्या कार्यपद्धतीकडे वळू. पथकातील मुलींचे सहा ते आठ जणींचे लहान लहान संघ पाडायचे, प्रत्येक संघाला त्यांच्यातलीच एक नायिका द्यायची, आणि पथकाचा कारभार शक्य तितका या नायिकांच्या सभेकडे सोपवायचा, हे या पद्धतीचे मर्म. ‘कोर्ट ऑफ ऑनर’ असे भारदस्त नाव असलेल्या या सभेत तेरा-चौदा वर्षांच्या मुली शिबिर कुठे न्यायचे, वर्गणी किती घ्यायची, शिस्त मोडणारीला काय सांगायचे, याचा निर्णय करतात. गाईड कॅप्टन, म्हणजे बहुधा शाळेतलीच एखादी बाई, सल्ला देते आणि शक्यतो हुकूम देत नाही. ज्या घरात मुलीला भाजी कोणती करायची एवढेही कोणी विचारत नाही, त्या घरातील मुलगी आठ जणींच्या वतीने बोलू लागते, विरोध ऐकून घेते, बहुमत मानते आणि आपल्या चुकीचा जाब देते. लोकशाहीचे याहून साधे शिक्षण आपल्या शाळांतून अन्यत्र क्वचितच मिळते.

या शिक्षणाचा एक बारकासा नमुना पाहण्यासारखा आहे. गाईडला आरंभी ज्या गाठी शिकवितात त्यांत ‘रीफ नॉट’ ही सपाट बसणारी गाठ असते. जखमेवरची पट्टी किंवा मोडलेल्या हाताची झोळी हिनेच बांधतात, कारण ती अंगाला रुतत नाही, ताण पडला तरी सहसा सुटत नाही, आणि सोडवायची म्हटले की क्षणात सुटते. दुसरी ‘शीट बेंड’, दोन वेगवेगळ्या जाडीचे दोर जोडण्यासाठी. उमरेड हे हातमागाचे जुने गाव, आणि मागावर तुटलेला धागा सांधताना कोष्टी जी गाठ मारतो ती रचनेने हीच. आजोबांच्या बोटांतील ही विद्या नातीने शाळेच्या पटांगणावर शिकावी, आणि नेमकी तीच गाठ केनियातील अथवा जपानमधील तिच्या वयाच्या मुलीनेही शिकावी, यात या चळवळीची जागतिकता प्रत्यक्ष हाती लागते. गाठीपासून प्रथमोपचार, प्रथमोपचारापासून तंबू आणि उघड्यावरचा स्वयंपाक, तेथून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि अखेर राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. पाच ते दहा वर्षांच्या बालिका बुलबुल म्हणून तीत शिरतात आणि गाईडचे वय उलटल्यावर रेंजर म्हणून पुढे जाऊ शकतात.

या पायावर जागतिक संघटनेने गेल्या काही वर्षांत काही विशेष उपक्रम रचले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या सहकार्याने तयार झालेला ‘व्हॉइसेस अगेन्स्ट व्हायोलन्स’ हा अभ्यासक्रम मुलींना, त्यांच्या वयाला झेपेल अशा रीतीने, हिंसा कशाला म्हणावे, आपला हक्क कोणता आणि मदत कोणाकडे मागावी हे शिकवितो. ‘फ्री बीइंग मी’ या दुसऱ्या उपक्रमात सौंदर्याचा जो ठरावीक साचा जाहिराती आणि समाज मिळून मुलीपुढे धरतात, तो गाठण्यासाठी पैसा, वेळ, प्रकृती आणि मनःस्वास्थ्य यांची किती किंमत मोजावी लागते, याचा हिशेब मुली स्वतःच मांडतात. सावळ्या रंगावरून स्थळे परत जाण्याचा अनुभव ज्या समाजाला नवा नाही, तेथे या हिशेबाचे मोल सांगावयास नको. हा उपक्रम साबण आणि प्रसाधने विकणाऱ्या एका बड्या कंपनीच्या अर्थसाहाय्यावर उभा राहिला, ही विसंगती मात्र डोळ्यांआड करू नये. मुलींना स्वतंत्र विचार शिकवायचा तर त्यांनी हा प्रश्नही विचारावा, हे ओघानेच आले. यांखेरीज २२ फेब्रुवारी, बेडन-पॉवेल पतिपत्नींचा सामायिक जन्मदिवस, हा १९२६ पासून चिंतन दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी जगभरच्या गाईड एकमेकींच्या देशांविषयी जाणून घेतात व संघटनेच्या कार्यासाठी निधी जमवितात.

परंतु जागतिक संघटनेने रचलेला अभ्यासक्रम कितीही उत्तम असला तरी तो मुलीपर्यंत पोहोचतो तो तिच्या शाळेतील पथकामार्फतच, आणि ते पथक कागदावरचे असेल तर सारा खटाटोप व्यर्थ होय. आपल्याकडे दुखणे नेमके येथेच आहे. कित्येक शाळांत गाईड म्हणजे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या संचलनात निळ्या गणवेशातील एक रांग, पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या केलेल्या मुली आणि दप्तरी नोंद, एवढ्यावरच समाधान मानण्याचा शिरस्ता पडला आहे. साप्ताहिक बैठक होत नाही, संघनायिका बाईंच्या मर्जीने नेमली जाते, तिच्या सभेला कोणी विचारत नाही. आणि ज्या शिक्षिकेवर हे काम सोपविले तिच्या माथी आधीच परीक्षा, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा भार असतो. शिबिराची वेळ आली की पालकांची परवानगी अडते. एसटीने खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलीने चार रात्री घराबाहेर तंबूत काढाव्यात, ही कल्पना अनेक घरांना आजही धास्तीची वाटते. ही धास्ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही; तिचे निराकरण करण्याची जबाबदारी शाळेची आहे, आणि शिबिरात कोण बाई सोबत आहेत, मुक्काम कोठे, रात्रीचा बंदोबस्त काय, याची समक्ष माहिती पालकांना दिली तर बहुतेक घरांची संमती मिळू शकते.

म्हणून उमरेडच्या आणि आसपासच्या गावांच्या शाळाचालकांना आणि पालकांना सांगणे इतकेच, की नवी योजना, नवे अनुदान, नवे भवन यांची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांनी आपल्या गाईड कॅप्टनला प्रशिक्षणासाठी रजा आणि आठवड्यातून एक निर्वेध तासिका द्यावी, संघनायिकेची निवड मुलींवर सोपवावी आणि तिच्या सभेचा निर्णय, तो आपल्याला गैरसोयीचा वाटला तरी, मानावा. पालकांनी शाळेत जाऊन पथकाची बैठक खरोखरीच भरते काय याची चौकशी करावी, आणि शिबिराचे संमतिपत्र हाती आले तर आपल्या शंका बाईंना मोकळेपणाने विचारून त्यावर सही करावी.