फाइलचा ठसा पाठवा, फाइल नव्हे
मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-विषाणूने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ग्रासले. हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. संशयास्पद फाइलबद्दल अनेक अँटिव्हायरस यंत्रणांचे निदान ‘व्हायरसटोटल’ ही सेवा एकत्र देते. रुग्णालयाचा प्रोग्रामर जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीतून, काही ओळी लिहून, तिला विचारणा करू शकतो.

मात्र अख्खी फाइल पाठवू नये. तिच्यात रुग्णाचा अहवाल असेल, तर तो परक्या हाती पडू शकतो. ६४ अक्षर-अंकांचा ‘हॅश’, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच, पुरतो; त्यातून मजकूर उघड होत नाही.

‘नोंद नाही’ हे उत्तर निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. लक्षणे असताना चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून डॉक्टर रुग्णाला घरी पाठवत नाहीत.