डोळ्यांच्या दवाखान्याचं दार आता मोबाईलमध्ये

पाटसच्या वस्तीतल्या एका मावशींना मोतीबिंदू झाला. एका दवाखान्यात फोन केला, तर तपासणीची वेळ वेबसाइटवरूनच घ्या असं सांगितलं. नातवाचा मोबाईल घेऊन आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. नाव, वय, गाव सगळं भरलं. शेवटी वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं आली. ओळखा आणि खाली लिहा! मावशी म्हणाल्या, "सिस्टरबाई, ही अक्षरं मला दिसली असती तर मी दवाखाना कशाला शोधला असता?"

आम्हाला आधी हसू आलं, मग लाज वाटली.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा दवाखान्याचं दार म्हणजे केसपेपरची खिडकी. रांग मोठी असायची, पण आतल्या माणसाला विचारता तरी यायचं. आता वेबसाइट हेच पहिलं दार होत चाललंय. ते आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे. हडपसरजवळ मोहम्मदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात जायचं, नाहीतर पुण्यात ससूनला, तर पाटसहून अख्खा दिवस जातो. पेशंटची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते. डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कोणती कागदं आणायची, हे आधी नीट कळलं तर दोन मजुऱ्या वाचतात.

पण डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट कुणाच्या डोळ्यांसाठी बनवतात? मोतीबिंदूत सगळं धुरकट दिसतं आणि उजेड डोळ्यांवर येतो. पांढऱ्याशुभ्र पानावरची फिकट करडी अक्षरं अशा माणसाला दिसतच नाहीत. काचबिंदूत हळूहळू बाजूची नजर जाते, मग कोपऱ्यातलं छोटं बटण सापडत नाही. मधुमेहाने डोळ्याचा आतला पडदा खराब झाला की नजरेसमोर काळे डाग तरंगतात, ओळीतले शब्द गायब होतात. चकचकीत फोटो आणि हलणारी चित्रं यांना काय कामाची? वेबसाइटसाठी जगभर मानले जाणारे नियम आहेत. साध्या मजकुराची अक्षरं आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, आणि अक्षरं दुप्पट मोठी केली तरी पान वाचता आलं पाहिजे.

यापुढच्या वेबसाइट बोलणाऱ्या असतील. आजही साध्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये 'टॉकबॅक' असतं, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. पण शिबिराची माहिती फोटो करून टाकली तर त्याला ती धड वाचता येत नाही. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टचंही तेच, ऐकू येतो नुसता गोंधळ. मजकूर युनिकोड मराठीत हवा आणि फोन नंबर बोट लावताच लागला पाहिजे. एवढं केलं तरी आमचं अर्धं भांडण मिटेल.

दुसरी चर्चा एआयची. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो बघून संगणक मधुमेहाची इजा ओळखू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्या कामात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातलेही फोटो होते. हे फोटो खास कॅमेऱ्याने काढतात, मोबाईलच्या सेल्फीने हे काम होत नाही. त्यामुळे 'घरबसल्या डोळे तपासा' असं कुठे दिसलं तर त्यावर विसंबू नका. त्यात डोळ्याचा दाब कळत नाही, पडदाही तपासला जात नाही. साखर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायलाच हवा, दिसायला चांगलं दिसत असलं तरी.

आणि काही वेळा वेबसाइट बघत बसूच नका. डोळ्यात चुना गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. उसाचं पातं लागून डोळा लाल झाला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी दाखवा. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. स्टिरॉइडच्या थेंबांनी अशी जखम चिघळून नजर जाऊ शकते. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात हे विसरून चालणार नाही.

दवाखान्याला 'सोय करा' म्हणणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या आणि दृष्टिहीन माणसांना बँकेसाठी, सिमकार्डसाठी मोबाईलवर ओळख पटवता येत नव्हती. कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा म्हणत होते! ती माणसं कोर्टात गेली, म्हणून हा निकाल आला.

मावशींची ती अक्षरं शेवटी आम्हीच भरली, दोनदा चुकून तिसऱ्यांदा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करायचं आहे. वाकड्या अक्षरांबद्दल आम्ही त्या दवाखान्याला पत्र लिहिलं, खाली मावशींनी सही केली. उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्या डोळ्याची वेळ घ्यायला त्याच पानावर जायचंय.