नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

नवी गाडी घेतली की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." हा सल्ला निम्माच बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्याने इंजिनाचं नुकसान होऊ शकतं. म्हणून आत काय घडतं ते आधी पाहू.

सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल असं वाटतं. तशी ती नसते, मुद्दामच ठेवलेली नसते. बोअर पाडून झाल्यावर कारखान्यात तिचं होनिंग करतात. घासणारे दगड फिरत फिरत वर-खाली जातात आणि भिंतीवर एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी उमटते. गॅरेजमध्ये एखादं निगुतीने वापरलेलं इंजिन उघडलेलं असेल तर आत टॉर्च मारून बघा. लाखभर किलोमीटर धावूनही ही जाळी शाबूत दिसू शकते. तिच्या खाचांत तेल थांबतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या तेलावरून सरकतात.

नव्या इंजिनात या खाचांच्या कडा थोड्या टोकदार असतात. रिंगा घासून त्या बोथट होतात, रिंगांचे काठही भिंतीच्या आकाराला जुळतात. यालाच आपण इंजिन सेट होणं म्हणतो. हल्ली कारखान्यातच त्या कडा बऱ्याच अंशी घासून देतात, त्यामुळे पूर्वीइतकं काम उरत नाही. पण शेवटचा हात मालकाच्या पायाखालीच फिरतो.

रिंग भिंतीला टेकते ती निव्वळ स्वतःच्या ताणाने नाही. पेट्रोल पेटलं की वायूचा दाब रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. म्हणजे इंजिनावर थोडा भार असेल तेव्हाच रिंग नीट बसते. गाडी सतत रडतखडत चालवली किंवा रोज पार्किंगमध्ये नुसतीच सुरू ठेवली, तर हा दाब कमी पडतो. भिंतीवर तेलाचा चकचकीत थर भाजून बसण्याची भीती असते. त्याला ग्लेझ म्हणतात. त्यावरून रिंगा नुसत्या घसरतात आणि गाडी तेल खाऊ लागते. उलट पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला, तर न जुळलेल्या जागा तापतात, तेलाचा थर तुटतो आणि धातूला धातू खरवडतो.

तेव्हा मधला मार्ग धरा. इंजिन गरम झाल्यावर मध्यम जोराने वेग वाढवा, मग पाय काढून गाडी गियरमध्येच हळू होऊ द्या, पुन्हा वाढवा. पेट्रोल गाडीत काटा साधारण दोन ते साडेतीन हजार आरपीएममध्ये खेळता राहिला तर उत्तम. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने जाणं या काळात टाळा. कात्रजचा घाट चौथ्या-पाचव्या गियरमध्ये धडधडत चढवणं तर त्याहून वाईट.

आता तेल. कारखान्यातून भरून आलेलं तेल हजार किलोमीटरला काढून टाकायची जुनी रीत आहे. घासून निघालेला कीस त्यात असतो हे खरं, पण तो बहुतांशी फिल्टर अडवतो. काही कंपन्या तर पहिलं तेल लवकर बदलू नका असंच सांगतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर ते राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रेडबाबत सर्वांत मोठा गैरसमज उन्हाळ्याचा. "विदर्भात पारा पंचेचाळीसला जातो, तिथे 0डब्ल्यू-20 कसं टिकणार? जाड तेल टाका!" पण दुसरा आकडा मोजतात तो मुळात 100 अंश सेल्सिअसला, कारण तापलेल्या इंजिनातलं तेल साधारण तेवढंच गरम असतं, बाहेर मे असो की डिसेंबर. त्या तापमानाला 20 ग्रेडच्या तेलाचा दाटपणा 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक्स असतो, 40 ग्रेडचा 12.5 ते 16.3. बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, सारं ठरावीक दाटपणा धरून आखलेलं असतं. पहिला आकडा थंड तेल किती सहज वाहतं ते सांगतो. बर्फ नसलेल्या मुलखातही तो कामाचा आहे, कारण सकाळच्या वीस-पंचवीस अंशांतही तेल तापलेल्या तेलापेक्षा कितीतरी पट दाट असतं. ते वरपर्यंत लवकर पोचणं महत्त्वाचं, कारण झीज सुरुवातीच्या क्षणांत जास्त होते.

डब्यावर एपीआय या संस्थेची दर्जाची खूणही पाहा. टर्बो पेट्रोल इंजिनात इंधन वेळेआधी पेटून पिस्टनला धक्का बसतो, तो टाळण्याची कसोटी 2020 साली आलेल्या एसपी दर्जात आहे. बीएस-6 डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असेल तर कमी राख सोडणारं तेलच लागतं. साध्या तेलातल्या घटकांची राख तिथे साचते आणि ती जळून जात नाही.

रिंगा जुळेपर्यंत इंजिन थोडं तेल पितं, म्हणून दर पाचशे किलोमीटरला पातळी तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेजवळ आलं असेल तर तेच ग्रेड थोडं थोडं घाला, आणि वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका.