ठिगळाची पारख

चांचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका मास्तरांच्या टेबलावर येऊन पडतात, तेव्हां त्यांचा ढीग क्वचितच अगदीं विस्कळित असतो. पहिल्या बांकांवरील मुलांनीं आपल्या दहा-बारा पत्रिका हजेरीच्या क्रमानें लावून दिलेल्या असतात. मधल्या रांगेंतील नेमक्या उलट क्रमानें आलेल्या असतात. खिडकीकडच्या मात्र कशाहि. अनुभवी शिक्षक हा ढीग पत्त्यांसारखा पिसून पुनः एकेक पत्रिका लावीत बसत नाहीं. जेथें क्रम आयता सांपडतो तेवढा गठ्ठा तो तसाच उचलतो, उलटा असल्यास सुलटा करून घेतो, आणि मग शेजारशेजारचे दोन दोन गठ्ठे एकांत एक मिळवीत जातो.

हीच युक्ति टिम पीटर्स यांनीं २००२ सालीं पायथॉन भाषेच्या द्वारें संगणकास शिकविली. पायथॉन ही संगणकास आज्ञा देण्याची एक भाषा आहे. गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत, आम्स्टरडॅम येथील राष्ट्रीय गणित व संगणकशास्त्र संस्थेंत असतांना, तिच्या रचनेस आरंभ केला व १९९१ सालीं ती लोकांपुढें ठेविली. (तिचें नांव अजगरावरून पडलेलें नाहीं, विलायतेंतील एका विनोदी नटमंडळावरून तें घेतलें आहे.) अशा भाषेबरोबर तयार कृतींचा एक मोठा संग्रह येतो. त्यास लायब्ररी, म्हणजे ग्रंथालयच म्हणतात. तारखांचा हिशेब करणें, यादी क्रमानें लावणें, असलीं नित्याचीं कामें प्रत्येकानें नव्यानें लिहूं नयेत, म्हणून तीं तेथें एकदांच नीट लिहून ठेविलेलीं असतात. पायथॉनचा सारा संग्रह मुक्त आहे. त्यांतील कोणतीहि ओळ कोणासहि वाचतां येते, उतरून घेतां येते, आणि तींत चूक आढळल्यास दुरुस्ती करून पाठवितां येते.

या दुरुस्तीच्या तुकड्यास पॅच म्हणतात. शिवणकामांतील ठिगळ, तोच हा शब्द. जी जुनी ओळ काढावयाची तिच्यापुढें वजाचें चिन्ह, जी नवी घालावयाची तिच्यापुढें अधिकचें. बाह्य स्वरूप इतकें साधें. परंतु ज्यांच्या हातीं संग्रहाची देखरेख आहे त्यांपैकीं दुसऱ्या कोणी तरी तें वाचून पसंत केल्यावांचून सहसा तें आंत घेतलें जात नाहीं. वाचणारा काय पाहतो? चूक खरोखरच गेली कीं नाहीं, हें तो पाहतोच. आणि त्याची खूण म्हणून, पूर्वीं नापास होणारी व आतां पास होणारी एक लहानशी चांचणी ठिगळाबरोबर जोडावी असा त्याचा आग्रह असतो. पण याहून अवघड असा एक प्रश्न त्यास स्वतःस विचारावा लागतो. ठिगळ जेथें फाटलें तेथें बसलें आहे, कीं फाटल्याचें जेथें दिसलें तेथें? या एका प्रश्नाचें उत्तर देतांना किती चतुर माणसांची कशी परीक्षा झाली, हें पीटर्स यांच्या याच कृतीच्या पुढील इतिहासावरून दिसतें.

त्यासाठीं कृति थोडी अधिक जवळून पाहिली पाहिजे. संगणक यादी पाहत पाहत पुढें जातो, व क्रमानें लागलेला जो जो गठ्ठा सांपडेल त्याची लांबी एका टाचणांत लिहून ठेवितो. टाचणाचे खण आधींच मोजून आंखलेले असतात. गठ्ठे मिळवावयाचे ते शेजारचेच, कारण समान गुण मिळालेल्या दोन मुलांचा हजेरींतील पूर्वक्रम बदलूं नये, अशीहि या कृतीची एक अट आहे. आतां कोणते शेजारी केव्हां मिळवावयाचे? नियम असा आहे कीं, टाचणांतील कोणत्याहि लागोपाठच्या तीन गठ्ठ्यांपैकीं पहिला हा पुढील दोघांच्या बेरजेपेक्षां मोठा असावा, आणि दुसरा हा तिसऱ्यापेक्षां मोठा असावा. तसें नसेल तर दोन शेजारी मिळवून टाकावे. हा नियम टाचणांत सर्वत्र पाळला गेला, तर शेवटाकडून मागें जावें तसतशा लांब्या भराभर वाढत जातात, व थोड्याच खणांत प्रचंड यादी मावते. जावा नांवाच्या दुसऱ्या एका भाषेंत सुमारें २१४ कोटी नोंदींची यादी ही मोठ्यांत मोठी. तिलाहि ४० खण पुरेत असें गणित निघत होतें.

जावाचा येथें उल्लेख करण्याचें कारण असें कीं, पीटर्स यांची ही कृति इतकी सरस ठरली, कीं जोशुआ ब्लॉक यांनीं ती जावांत उतरविली आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावाच्या सातव्या आवृत्तींत ती आली. ॲण्ड्रॉइडवर चालणाऱ्या मोबाइलांतहि तीच गेली. म्हणजे खिशांतील टेलिफोनावर नांवांची यादी अकारविल्हे लागते, तिच्यामागें हे गठ्ठे व हें टाचण असण्याचा संभव पुष्कळ.

२०१३ च्या सुमारास जावांत क्रम लावतांना खण अपुरे पडून आज्ञावली कोसळल्याचें निदर्शनास आलें. मध्यम आकाराच्या याद्यांसाठीं १९ खण आंखले होते. त्या ठिकाणीं २४ करण्यांत आले. आज्ञावली कोसळेनाशी झाली. ठिगळ एका आकड्याचें, वाचावयास एक मिनिट पुरे. गणितानें १९ पुरतात असें म्हटलें असतां ते कां पुरले नाहींत, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो पुनः वर आला तो निराळ्याच वाटेनें. स्टाइन डे गाउ व त्यांचे सहकारी हे आम्स्टरडॅमच्या वर उल्लेखिलेल्या त्याच संस्थेंतील आणि जर्मनींतील डार्मस्टाट विद्यापीठ वगैरे ठिकाणचे संशोधक. भूमितींतील सिद्धांताप्रमाणें आज्ञावलीचीहि सिद्धता यंत्राच्या साहाय्यानें देतां येते. त्यासाठीं ‘की’, म्हणजे किल्ली, या नांवाचें एक साधन आहे. त्यांनीं पूर्वीं क्रम लावण्याच्या दोन सोप्या कृति अशा सिद्ध केल्या होत्या, व पुढील धडा म्हणून ही कठीण कृति हातीं घेतली. चूक काढण्याचा त्यांचा हेतु नव्हता. कृति निर्दोष आहे असें त्यांस सिद्ध करून दाखवावयाचें होतें. सिद्धता मात्र कांहीं केल्या पुरी होईना.

कां होईना, हें पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणासहि ताडून पाहतां येईल. टाचणांत १२०, ८०, २५ आणि २० असे चार गठ्ठे आहेत. ८० व २५ यांची बेरीज १०५, तिच्याहून १२० अधिक. २५ व २० यांची बेरीज ४५, तिच्याहून ८० अधिक. २५ हे २० हून अधिक. सारें यथास्थित. आतां ३० चा पांचवा गठ्ठा आला. २० व ३० मिळून ५०, आणि त्यांच्या मागचा गठ्ठा अवघा २५ चा, नियम मोडला. म्हणून २५ व २० हे शेजारी मिळवून ४५ चा एक गठ्ठा केला. टाचण झालें १२०, ८०, ४५, ३०. आज्ञावली शेवटच्या तिघांकडे पाहते. ४५ व ३० मिळून ७५, ८० त्याहून अधिक. ४५ हे ३० हून अधिक. ठीक आहे, असें म्हणून ती थांबते. पण एक पायरी मागें पाहावें. ८० व ४५ मिळून १२५ होतात, आणि पहिला गठ्ठा १२० चाच आहे! नियम मागल्या बाजूस मोडून पडला, आणि आज्ञावलीची दृष्टि तेथवर गेलीच नाहीं.

तेरा वर्षें ही कृति तीन घरांत नांदली होती, आणि असंख्य वेळां चालली होती. ती वाचणारीं माणसें त्या धंद्यांतील नामांकित. यादीचा क्रम तिनें कधीं चुकविला नाहीं. नियम मागें मोडला तरी क्रम बरोबरच लागतो, फक्त खण अधिक लागतात. म्हणूनच ही चूक दिसत नव्हती. संशोधकांनीं मुद्दाम रचलेल्या यादीवर ती दाखवून दिली: ॲण्ड्रॉइडमधील कृति ६५,५३६ नोंदींच्या यादीवर कोसळूं शकत होती, आणि जावांतील ६,७१,०८,८६४ नोंदींच्या. २०१५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें व दुरुस्तीहि सुचविली. शेवटच्या तिघांबरोबर त्यांच्या मागच्या एका गठ्ठ्याचीहि तपासणी करावी, एवढीच ती दुरुस्ती. आणि ती केल्यावर सिद्धता पुरी झाली.

आतां दोन घरांचे दोन मार्ग झाले. पायथॉनमध्यें टाचणास ८५ खण होते. चुकीमुळें ते भरण्यास २ चा ४९ वा घात, म्हणजे सुमारें पांच लाख त्रेसष्ट हजार अब्ज नोंदींची यादी लागली असती. तेवढी यादी ठेवूं शकेल असा संगणकच त्या वेळीं नव्हता. चूक कोणासहि बाधणारी नव्हती. तरीहि पायथॉनच्या मंडळींनीं थोड्याच दिवसांत नियमाची ती तपासणी दुरुस्त केली. जावाच्या मंडळींनीं नियमास हात लावला नाहीं. संशोधकांच्याच लेखांत, चूक तशीच राहिल्यास किती खण लागतील याचेंहि गणित होतें. त्यावरून त्यांनीं ४० चे ४९ खण केले.

त्यांस आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. जगांतील पेढ्या, टपाल, रेल्वे यांचे व्यवहार ज्या संग्रहावर चालतात, त्यांतील क्रम लावण्याची कृति बदलणें म्हणजे वाहत्या रस्त्यावरील पूल बदलणें आहे. एक ओळ बदलली कीं तिच्यामुळें कोठें कांहीं मंदावेल काय, कोठें दुसरें कांहीं बिघडेल काय, याचा जाब पसंती देणाऱ्यास द्यावा लागतो. खण वाढविल्यानें थोडी जागा अधिक लागते, बाकी कांहींहि हलत नाहीं. सावध माणसास हा मार्ग सुरक्षित वाटावा यांत नवल नाहीं. पण त्याची सुरक्षितता सर्वस्वी एका आकड्यावर उभी होती, आणि तो आकडा दुसऱ्याच्या गणितांतून उचललेला होता. नियम दुरुस्त केला असता, तर त्या गणिताची गरजच उरली नसती.

२०१८ सालीं निकोला ओझे, व्हिन्सें ज्यूझे, सिरिल निको व कारीन पिव्होटो या फ्रान्समधील चौघांनीं याच कृतीस किती वेळ लागतो याचा अभ्यास चालविला होता. तो करतांना त्यांस आढळलें कीं, खणांच्या त्या गणितांत एक पायरी ढळली आहे. नियम लागोपाठच्या दोन ठिकाणीं मोडूं शकत नाहीं, असें तेथें धरलें होतें. तो मोडूं शकतो. त्यांनीं तशी यादी रचून दाखविली, आणि वाढविलेले खणहि अपुरे ठरले. मग त्याच वर्षीं आलेल्या अकराव्या आवृत्तींत जावानें नियमाची मागली तपासणी घातली, म्हणजे पायथॉननें २०१५ सालींच केलेली दुरुस्ती.

सिद्धता देणाऱ्यांचीहि एक पायरी ढळावी, हें वाचून कोणी हंसेल. परंतु त्यांची मुख्य दुरुस्ती यंत्रानें तपासलेली होती व ती टिकली. ढळलें तें हातानें केलेलें, आणि ज्यांस नियम बदलावयाचा नव्हता त्यांच्या सोयीचें गणित. शिवाय हें सारें तपासणें शक्य झालें, याचें कारण पीटर्स यांनीं मूळ कृतीबरोबर एक लांबलचक टिपण लिहून तो नियम व त्यामागील हेतु स्पष्ट मांडला होता. नियमच लिहिलेला नसता, तर तो मोडला हें कोणी आणि कशावरून ठरवावें? परीक्षकास ठिगळापेक्षां अशा टिपणाचाच आधार अधिक.

पायथॉनमधून तो नियमच पुढें गेला. इयान मन्रो व सेबॅस्टियन विल्ड यांनीं २०१८ सालीं गठ्ठे मिळविण्याची याहून चांगली रीति प्रसिद्ध केली होती. ती पीटर्स यांनीं आपल्या कृतींत स्वतः बसविली, व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ३.११ या आवृत्तींत ती आली. त्या रीतींत टाचणास किती खण लागतात हें दोन ओळींत सिद्ध करतां येतें. आजच्या सामान्य संगणकावर ८५ च्या जागीं आतां ६४ आहेत.